साडेपाच माणसांचं घर

“पण मास्तर, मग अर्धा अणू कुटं गेला?” शेवंताने विचारलं आणि वर्ग हसला.

शिवयोगी मास्तर हसले नाहीत. फळ्यावर त्यांनी क्लोरीनचा अणुभार लिहिला होता. साडेपस्तीस. म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या साडेपस्तीसपट जड. गिरणीत कापड पांढरं करायच्या पुडीचा वास सोलापुरात सगळ्यांच्या नाकात बसलेला; क्लोरीन त्या पुडीतलाच.

“अर्धा अणू नसतोच,” मास्तर म्हणाले. “काही अणू पस्तीसचे, काही सदतीसचे. पस्तीसचे जास्त. सगळ्यांची मिळून सरासरी साडेपस्तीस. विलायतेत हे कळून दहा-बारा वर्षंच झाली. थांबा, तुम्हीच आता अणू व्हा. घरात माणसं किती, एकेकीनं सांगा.”

वर्गात दहाजणी होत्या. नऊ मुली आणि वच्छला. वच्छला अठ्ठावीस वर्षांची; नवरा जाऊन सात वर्षं झालेली. सकाळी विणकरांच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून ती आपली फी आपण भरायची. शेवंता आणि अनसूया तिच्या दोन भावांच्या मुली, म्हणून सगळा वर्गच तिला आत्या म्हणे. सहा महिने ती थोरल्या महिपतीकडे राही, सहा महिने धाकट्या ज्ञानबाकडे. भाऊ वाईट नव्हते. दिवस मात्र मोजत. काल सहा महिने भरले आणि ती धाकट्याकडे आली.

“सहा,” थोरल्याची शेवंता म्हणाली.

वच्छलाने मनातल्या मनात माणसं मोजली. बरोबर होतं. काल दुपारपर्यंत सात होती.

“आमी पाच,” धाकट्याची अनसूया म्हणाली.

वच्छलाने पुन्हा मोजली. भाऊ, भावजय, तीन लेकरं. सकाळी भाकरी तर सहाजणांनी खाल्ली होती.

“नीट मोजलंस का गं?” मास्तरांनी सवयीने विचारलं.

“व्हय की मास्तर. पाचच.”

दोघींपैकी एकीनेही खोटं सांगितलं नव्हतं. एका घरातून आत्या गेली होती आणि दुसऱ्या घरात पाहुणी आली होती. पाहुण्याला घरात कोण धरतं?

“अकरा,” विणकरांची लक्ष्मव्वा म्हणाली. “माग धरला तर बारा.” वर्ग पुन्हा हसला.

मास्तरांनी बेरीज मांडली. नऊ घरं, चोपन्न माणसं. सरासरी नेमकी सहा. मास्तर हिरमुसले. त्यांना अपूर्णांक हवा होता आणि मुलींनी त्यांना अगदी गुळगुळीत आकडा दिला होता.

“मास्तर, माझं राहिलं,” वच्छला म्हणाली.

“तुमचं भाचीनं सांगितलं की, वच्छलाबाई. एक घर दोनदा कसं धरायचं?”

“माझं घर निराळं हाय.”

“असं? मग किती माणसं?”

“एक.”

“आत्या, कुटं गं?” अनसूयाने हळूच विचारलं. वच्छलाने तिच्याकडे पाहिलं नाही.

मास्तर मात्र खडू घेऊन फळ्याकडे धावलेच होते. दहा घरं, पंचावन्न माणसं. “साडेपाच!” ते लहान मुलासारखे ओरडले. “बघा! आता साडेपाच माणसांचं घर दाखवा मला कुणीतरी. नाहीच ना? सरासरीत अर्धं येतं, घर अर्धं नसतं. अकराचं असो, एकाचं असो, पूर्णच.”

शाळा सुटली. कोपऱ्यावर शेवंता उजवीकडे वळली. अनसूया डावीकडे वळून थांबली.

“चल की आत्या. आई वाट बगत आसंल.”

“तू हो पुढं,” वच्छला म्हणाली आणि सरळ चालू लागली.

दिवेलागणीच्या आत तिला विणकरांच्या आळीत भाड्याची एखादी खोली शोधायची होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती मास्तरांशी खोटं बोलली होती, आणि ते तिला फार वेळ खोटं राहू द्यायचं नव्हतं.