जाळाविना वाफ

टॉवेल कारखान्याच्या बॉयलरमध्ये नरसय्यांनी तीस वर्षं लाकडं सारली होती. आजपासून गच्चीवरचे आरसे उन्हावर वाफ करणार, म्हणून त्यांना कामावरून कमी केलं होतं. तरीही ते गच्चीवर आले. जाळाविना वाफ होते कशी, एवढंच त्यांना बघायचं होतं.

अकराचं ऊन कडक होतं, पण प्रेशरचा काटा अर्ध्यावरच अडकला. इंजिनिअर मॅडम पाइप तपासू लागल्या.

"मॅडम, सकाळी काजळी पुसली का?"

"कसली काजळी, मामा? इथं जाळच नाही."

नरसय्यांनी खांद्यावरचा टॉवेल आरशावरून फिरवला. तो काळा झाला. "कालपर्यंतचा माझाच धूर आहे हा."

सगळे आरसे पुसले, तसा काटा वर सरकला.

नरसय्यांनी शेजारच्या कारखान्यांच्या धूर सोडणाऱ्या चिमण्यांकडे आणि मग वर सूर्याकडे बघितलं. "उद्या हा ड्यूटीवर किती वाजता येतो, मॅडम? मला त्याच्याआधी यायला हवं."