लॉगिनचं पथ्य

सर्व्हर सांभाळायला हाताखाली कुणीतरी हवं होतं. सासऱ्यांनी साहेबांकडे शब्द टाकून घरी बसलेल्या जावयालाच ऑफिसात चिकटवून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

"जावईबापू, लांबून लॉगिन करायची सेटिंग बदलताना एक पथ्य पाळायचं," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "नव्या लॉगिनने आत जाता येतंय, हे पाहिल्याशिवाय जुनं बंद करायचं नाही. नाहीतर सर्व्हर आत आणि आपण बाहेर. मग बसा बोंबलत."

जावई हसला, पण त्याने ते वहीत लिहून घेतलं. महिनाभरात तो इतका तयार झाला, की लेकीजवळ त्याचं कौतुक करताना सासरे थकेनात.

सोमवारी सकाळी सर्व्हरने सासऱ्यांना आत घेतलं नाही. चष्मा पुसून त्यांनी तीनदा प्रयत्न केला, मग शेजारच्या टेबलाकडे वळले.

"जावईबापू, माझ्या लॉगिनचं काहीतरी बिनसलंय. बघता का जरा?"

जावयाने मान वर केली नाही.



"बिनसलं नाही, बाबा. साहेबांना एकच माणूस ठेवायचा होता. शुक्रवारी माझं लॉगिन नीट चालतंय ना ते पाहिलं, मगच तुमचं बंद केलं."