जनीबाईंचे यकृत

“दारूचा काही संबंध नाही,” सोनोग्राफीचे यंत्र पोटावरून न उचलताच डॉक्टर प्रणाली म्हणाल्या. टेबलावर उताण्या पडलेल्या जनीबाईंनी लगेच सुनेकडे मान वळवली.

“सोनल, फोन लाव. स्पीकरवर टाक.”

“आई, काय झालंय ते तरी आधी ऐकून घ्या.”

“मला आयकायचं व्हतं ते आयकलं. आता गावाला आयकू दे.”

गावाने आपले निदान कधीच करून ठेवले होते. ज्या बाईने दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही, जिने दत्तात्रेयचे दारूचे दुकान बंद करण्यासाठी उंबरे झिजवून बायकांचे मतदान मंजूर करून घेतले, तिच्या उजव्या बरगडीखाली सूज आली. सूज यकृताला आहे एवढे कानावर पडताच, शरीरशास्त्राचा एकही धडा न वाचलेल्या त्या गावाने एकमुखाने ठरवले की बाई चोरून पिते. इतक्या मोठ्या विद्वत्तेला पुराव्याची गरज नसते. येत्या रविवारी ते मतदान होते: बाटली आडवी झाली तर दुकान बंद, उभी राहिली तर चालू. चोरून पिणाऱ्या बाईच्या शब्दावर बाटली आडवी करायला कोण येणार होते?

फोन लागला. पलीकडे समाजमंदिरात बायका जमल्या होत्या. फोन केसरने घेतला. हिने परवाच जनीबाईंच्या दारूबंदी मंडळातून अंग काढून घेतले होते.

“बोल गो जनीवयनी. कॅन्सर तर न्हाय ना?”

जनीबाईंनी डॉक्टरांकडे पाहिले. हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता.

“कॅन्सरही नाही,” डॉक्टर फोनकडे वाकून म्हणाल्या. “कुत्र्याच्या पोटात फितीसारखा एक जंत असतो. त्याची अंडी मावशींच्या पोटात गेली, काही वर्षांपूर्वी. यकृतात पाण्याची मोठी पिशवी धरली आहे आणि तिच्या आत लहान लहान पिशव्या. रक्त तपासून पक्कं करू. मग गोळ्या, आणि नंतर ऑपरेशन करून पिशवी न फोडता काढायची. मावशी ठणठणीत होतील.”

“जंत?” पलीकडून कुणीतरी किंचाळले. “शाळेत पोरांना गोळी देतात, त्ये?”

“व्हय, जंत! जंतच हाय!” विद्यापीठाने पदवी बहाल करावी अशा थाटात जनीबाईंनी जाहीर केले.

केसर सहजी हार जाणारी नव्हती. “पन कुत्र्याचं तुझ्या पोटात गेलं कसं? कुत्रं खाल्लंस का काय?”

“बोकडाच्या यकृतातही अशाच पिशव्या होतात,” डॉक्टरांनी सांगितले. “तसली खराब कलेजी कुणी कच्चीच फेकली आणि कुत्र्यानं खाल्ली, की जंत त्याच्या पोटात. मग ते कुत्रं जिथं घाण करतं, तिथली भाजी नीट न धुता खाल्ली, की झालं.”

फोनमध्ये एकाएकी कुजबुज सुरू झाली. दुकानामागची ती भिंत साऱ्या गावाला ठाऊक होती. भिंतीच्या अलीकडे चखण्यासाठी कलेजी तळणारी गाडी उभी असे. नासके तुकडे भिंतीपलीकडे जात आणि तिथे कुत्र्यांची पंगत बसे. त्याच भिंतीला लागून जनीबाईंचा लाल माठाचा वाफा होता.

“वयनी,” केसर हळूच म्हणाली, “ती दत्तूची गाडी गो...”

जनीबाई उठू लागल्या. डॉक्टरांनी त्यांचा खांदा दाबून पुन्हा आडवे केले आणि यंत्र पोटावर धरले.

“गाव खोटं न्हाय बोललं, केसर,” त्या छताकडे पाहत म्हणाल्या. “माझं लिव्हर दारूच्या दुकानानंच खाल्लं.”

समाजमंदिर हास्याने दणाणले आणि त्यात सर्वांत मोठा आवाज केसरचा होता. जनीबाईंनाही हसू आवरेना.

“हळू मावशी, हलू नका!” म्हणता म्हणता डॉक्टरही पडद्याकडे पाहून हसू लागल्या. काळ्या पाण्याच्या त्या पिशवीत सगळ्या लहान पिशव्या जनीबाईंच्या हसण्याच्या तालावर नाचत होत्या.