जुईचे पाय

जुईने गोलसमोर चेंडू घेतला, पण लगेच मारला नाही. क्षणभर थांबून तिने गोलकीपरची झेप वाया जाऊ दिली आणि मग चेंडू अलगद जाळीत सारला. कोल्हापूरचं मैदान दणाणलं. इंदुमती सरनाईकांनी मात्र टाळी वाजवली नाही. असं थांबणं फक्त त्यांच्या लेकीला, छबीला जमायचं, आणि छबीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

सामना संपल्यावर त्यांनी कोचला गाठलं. "गुडघ्याच्या उपचारासाठी म्हणून तुमच्या क्लबच्या लॅबनं छबीच्या पायांच्या सवयी यंत्रात उतरवल्या होत्या. त्या पुसल्या, का ह्या पोरीच्या पायांत भरल्या?"

"कवाच पुसल्या, काकू. फॉरवर्ड जन्माला यावी लागते. दुसरीच्या सवयी भरून हुतीय व्हय?" तो जरा जास्तच लवकर हसला.

पलीकडे रिकाम्या मैदानात जुई चेंडू पळवत होती. छबी गल्लीत खेळायची तेव्हा तिनं चेंडू पायाखाली दाबून थांबावं म्हणून गच्चीवरून द्यायच्या, तशीच हाक इंदुमतीबाईंनी दिली, "छबे, गाडी आली!"

जुईचा पाय चेंडूवर गच्च रोवला गेला. तिने पाय ओढून पाहिला, पण तो हलेना. गोंधळून तिने मान वर केली.

"काकू, छबी कोण?"