दहा शेक

"गेणबाच्या मणक्यात उतरलाय," शेखलाल टेलरनं चहाच्या टपरीवर सांगितलं, तेव्हा बशीत ओतलेला चहा तसाच राहिला. "मूळ प्रोस्टेटमधी. लघवीच्या जागेपाशी गाठ आस्ती ती. कॅन्सर आता हाडात गेलाय. बरा व्हायचा न्हाई. दुखणं कमी व्हावं म्हणून पुण्याला मशीनचे दहा शेक द्यायचेत. मी असतो रोज बरोबर."

गेणबा शेजारच्या बाकावरच होता. त्यानं नुसती मान हलवली.

२००३ सालचा मे महिना होता. शेखलालच्या मुलीचं, सबाचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवून मित्रासाठी रोज पुणे गाठायचं, ही साधी गोष्ट नव्हती. "भाऊ असावा तर असा," शिरूरच्या त्या आळीत सगळे म्हणाले. राहिलेले ब्लाउज सबा शिवत होती. शेखलालनं महिनाभर मशीनला पाय लावला नव्हता. गुडघा धरलाय म्हणाला होता.

सबाचं हे दुसऱ्यांदा ठरलेलं लग्न. पहिलं तिच्या हट्टापायी मोडलं. आई, खातून, अंथरुणाला खिळली, तेव्हा "अम्मीला टाकून मी जाणार नाही" म्हणत सबानं तारीख तीनदा पुढं ढकलली. चौथ्यांदा मुलाकडच्यांनीच नकार कळवला. पुढं खातून गेली. सबा तिशीला टेकली. आता यवतचं स्थळ जुळलं होतं. हे लग्न एकदा पार पडावं, एवढंच शेखलालला हवं होतं.

सकाळी सातची एसटी असे. शिक्रापूरच्या पुढं रस्ता खोदलेला, ट्रकांच्या मागं गाडी रखडायची. खिडकीकडच्या सीटवर गेणबाचं घोंगडं चौघडी करून टाकलेलं असायचं. खड्डा आला की दोघांचीही बोटं समोरच्या दांडीवर आवळत.

"पेशंट कोण तुमच्यातला?" कंडक्टरनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"दोघंबी वाळलेलेच हायेत की!" कंडक्टर म्हणाला आणि तिघंही हसले.

शेकाच्या खोलीत एकालाच सोडत. दुसरा बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसे.

पहिल्याच संध्याकाळी गेणबानं बायकोला बजावलं होतं, "डॉक्टरनं पाठीवर जांभळ्या शाईनं चौकट काढलीया. मशीन तिथंच नेम धरतंय. पुसली तर समदं पुन्हा मापावं लागंल. दहा शेक होस्तोवर आंघोळीचं पानी तापवू नगं."

"बघू तरी," बानूबाई म्हणाली.

"बघायला काय जत्रा हाय?"

त्याच दिवशी बानूबाईनं बिरोबाला नवस बोलला आणि चप्पल सोडली. धनी उठून मेंढरांमागं चालला, तरच पायात घालीन म्हणाली. माळावर गोखरू माजलेलं. रोज दिवेलागणीला गेणबा तिची टाच मांडीवर घेऊन सुईनं काटे काढायचा.

"येवढं कशाला करतीस?"

"तुमी गप बसा. तुमास्नी न्हाई बोलले मी नवस."

तो पुढचा काटा शोधायचा.

सातव्या शेकाच्या दिवशी सबा शेवयांची खीर घेऊन आली. "आबा, पाठीला तेल चोळून देऊ?"

"नगं गं. चौकट पुसंल."

ती उठली नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "अब्बांना असं झालं असतं ना आबा, तर मी लग्नाला उभी राहिले नसते. दुसऱ्यांदा मोडलं असतं तरी चाललं असतं."

"म्हनून तर देवानं माझं नाव काढलं," गेणबा म्हणाला. "खीर ग्वाड झालीया."

दहावा शेक शुक्रवारी झाला. रविवारी निकाह लागला. गेणबा खुर्चीवर बसून होता, पण बिर्याणी त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली. "शेकाचा गुण बघा," लोक एकमेकांना म्हणाले. निघताना सबा बापाच्या गळ्यात पडली. शेखलालनं एका हातानं मांडवाचा खांब धरला होता. तो त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. जीप यवतकडे निघाली तेव्हा त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बापाचं काळीज, बायका म्हणाल्या.

बुधवारी सकाळी शेखलाल उठला नाही.

"हार्ट असंल," टपरीवर बोलणं झालं. "दगदग अंगावर आली. दुसऱ्याचं दुखणं वाहता वाहता गेला बिचारा."

सबा दुपारी यवतहून पोचली. अंगणात गेणबा भिंतीला टेकून बसला होता, त्याच्यापाशी येऊन बसली.

"रोज तुमच्याबरोबर असायचे, आबा. दमत होते का?"

"दमायचा," गेणबा म्हणाला. "बोलला न्हाई कवा."

मग तो उठून घरी गेला आणि बानूबाईच्या चपला घेऊन आला. भर अंगणात, सगळ्या बायकांसमोर, त्यानं त्या तिथं बसलेल्या बानूबाईच्या पायांपुढं ठेवल्या.

"घाल."

"आवं, नवस हाय माझा..."

"घाल म्हंतो न्हवं."

आत पडद्याआड गुसलची, मय्यतीच्या आंघोळीची, तयारी झाली होती. शेखलालचा पुतण्या शाहनवाज रांजणगावच्या कंपनीतून पाळी टाकून आला होता. तोच तांब्या घेऊन उभा होता. मशिदीतल्या म्हाताऱ्यानं मय्यत कुशीवर वळवली, आणि त्याचा हात तिथंच थांबला. शाहनवाजनंही वाकून पाहिलं.

"पानी डाल, बेटा," म्हातारा शेवटी म्हणाला.

शाहनवाजनं रिवाजाप्रमाणे तीनदा पाणी ओतलं. कमरेच्या वरची जांभळी चौकट पुसली गेली नाही.