अंधार बघायला आलेले साहेब

तांड्याची विजेची डीपी जळून तीन महिने झाले होते. कापसाला आधीच भाव नव्हता, त्यात ऐन बोंडं भरायच्या वेळी मोटरा बंद. अमावस्येच्या संध्याकाळी वीज ऑफिसातले दामले साहेब आर्णीहून आले, ते डीपीसाठी नाही, तर गाडीवर दुर्बीण बांधून.

"आमच्या परसात रस्त्याचे दिवे आड येतात. असा काळोख आर्णीत मिळत नाही हो!" जमनाबाईच्या अंगणात दुर्बीण रोवत साहेब खुशीत म्हणाले. "या, तेजोमेघ बघा."

तिनं डोळा लावला. "काईच नाई दिसत."

"रोखून पाहिलं की दिसत नाही. नजर जरा बाजूला न्या. पुसट वस्तू बाजूला पाहिल्यावरच नीट दिसते."

तिनं नजर बाजूला नेली, आणि दिसला. कापसाच्या तुसाएवढा, पण दिसला.

जमनाबाई सरळ उभी राहिली.



"मंग तं मी तुमाले लय चांगली दिसली असन, साहेब. डीपीचा अर्ज घेऊन चार खेपा ऑफिसात आलती, चारई खेपा तुमी बाजूलेच पाहून राह्यलते."