पलीकडची गुडगुड

"मावशी, आता मलमपट्टी पुरे. ही लाइन बदलायलाच हवी," मोरीच्या जाळीतून हात काढत प्लंबर म्हणाला.

"गेल्या खेपेलाही तू हेच म्हणालास. चाललं ना अजून?"

"चाललं कसलं, रडतंय ते! फ्लश केलं की पाणी मोरीत वर येतं. बेसिन तुंबतं, वास येतो. एखादंच ठिकाण तुंबलं तर तार घालून भागतं, पण सगळीकडे एकदम तुंबायला लागलं की दुखणं जमिनीखालचं असतं. अंगणात बघा. गवत सगळं वाळलंय आणि तो एवढाच पट्टा हिरवागार. त्याला पाणी कोण घालतंय?"

"मी तर नाही घालत."

"तेच म्हणतोय. आणि ती गुडगुड? येते अजून?"

"येते तर! हल्ली जास्तच येते," ताई म्हणाल्या. ते सांगताना त्यांचा चेहरा जरा जास्तच खुलला.

प्लंबरने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. "नवी लाइन टाकली की ती कायमची बंद. मला एकदा ते चेंबर उघडू द्या."

"चेंबरला हात लावायचा नाही. तू तार घाल, बाकीचं पुढे बघू."

तो पुटपुटत तार घालू लागला. ताईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

घर मुळात एकच. आईच्या आजारपणात दोघी बहिणींचा शब्दाला शब्द वाढला. "तुला आईचं काही पडलेलं नाही," असं ताई रागाच्या भरात बोलून गेल्या आणि धाकटीने ते मनाला लावून घेतलं. आई गेली आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. ताईंचं दार रस्त्याकडे, धाकटीचं मागच्या गल्लीत. एकमेकींचं तोंड बघायचं नाही असं ठरलं आणि दोघींनी ते इमानेइतबारे पाळलं. हट्टीपणात दोघी एकाच आईच्या. सगळं वाटून झालं, सांडपाण्याची लाइन तेवढी सामाईक राहिली. धाकटीचं पाणी अंगणातल्या चेंबरमध्ये ताईंच्या पाण्याला येऊन मिळायचं.

ताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. पलीकडच्याने रिसीव्हर उचलला की ठेवला, हे त्या नुसत्या खुट्ट आवाजावरून सांगायच्या. असा कान चुकतो थोडाच?

सकाळी त्यांची अंघोळ आटोपली की थोड्या वेळाने मोरीतून गुडगुड यायची. धाकटी उठली तर! आई दोघींना एकीमागोमाग एक अंघोळीला पिटाळायची, ती सवय हिची अजून गेली नाही. ताईंची भांडी झाली की तिचीही व्हायची. एकदा भर दुपारी करमेना म्हणून ताईंनी उगीचच बादलीभर पाणी ओतलं, तर लगेच गुडगुड. म्हणजे तिलाही करमत नव्हतं! त्या दिवशी ताई दोन घास जास्त जेवल्या.

मध्यंतरी ताई तापाने अंथरुणाला खिळल्या. अंघोळ नाही, भांडी नाही. मोरीही गप्प. स्वतःच्या तापापेक्षा त्यांना त्याचाच घोर लागला. हिलाही काही झालं की काय? तिचं करायला तरी कोण आहे? बरं वाटल्यावर भिंतीला धरधरून त्या मोरीशी गेल्या, तांब्याभर पाणी ओतलं आणि गुडगुड ऐकून चक्क रडल्या.

हल्ली तर ती जरा खुट्ट झालं की बोलायची. म्हातारपणी माणसं बोलकी होतात म्हणा.

हे प्लंबरला कोणत्या तोंडाने सांगणार?

तारेने फार दिवस निभावलं नाही. एका सकाळी घाण पाणी मोरीचा कठडा ओलांडून थेट स्वयंपाकघरात आलं. प्लंबर कुदळ घेऊनच हजर झाला.

"आज नको म्हणालात तरी ऐकणार नाही मी."

"खण बाबा," ताई म्हणाल्या. "पण तिची लाइन तोडायची नाही. आत्ता जशी येऊन मिळते, तशीच नव्या पाइपला जोडायची."

"मग त्यांच्या कानावर घालायला हवं. जाऊन येऊ?"



"तू नको. मी जाते."

त्यांनी ठेवणीतली साडी काढली. केस विंचरले. काय बोलायचं, ते त्या आरशासमोर घोकत राहिल्या. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. घोकायचं कशाला? ती बिचारी इतकी वर्षं रोज बोलतेच आहे, आपल्यालाच दार ठोठावायचं सुचलं नाही. 'चुकलं माझं' एवढं म्हटलं की झालं. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"मावशी, जाण्याआधी जरा इकडे या."

अंगणात हिरवा पट्टा खणून प्लंबरने चेंबरचं झाकण बाजूला सारलं होतं.

"ही तुमची लाइन. पुढे बघा, झाडाची मुळं शिरून नुसतं जाळं झालंय. पाणी जाणार कुठून?"

"आणि तिची?"

त्याने समोरच्या बाजूला बॅटरीचा झोत टाकला. पाइपच्या तोंडात सिमेंटचा गच्च बोळा होता. त्यावर शेवाळाचा जाड थर होता.

"हे भिंत बांधली तेव्हाचंच दिसतंय. त्यांनी तेव्हाच मागच्या गल्लीत वेगळी लाइन घेतली असणार. इकडे थेंब येत नाही त्यांचा."

"असं कसं होईल?" ताई म्हणाल्या. "मग रोजची गुडगुड?"

प्लंबर आत गेला. मोरीत बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने गुडगुड उमटली, अगदी रोजच्यासारखी.

"ऐकलंत?" तो आतून ओरडला. "तुमचंच पाणी अडून उलटी हवा मारतंय!"